जावयाच्या घरचं वेल्डिंग

मागच्या डिसेंबरात आमच्या घरातला एक ब्रेकर दहा-अकरा दिवस सारखा पडत होता. त्या ब्रेकरला मी जितक्या शिव्या दिल्या, तितक्या आयुष्यात कुठल्या माणसाला दिल्या नसतील. आता त्याच्यासमोरून जाताना मी मनातल्या मनात त्याला नमस्कार करते. खरंच करते, चेष्टा नाही.

आम्ही खोर फक्कानला राहतो, दुबईहून दीड-दोन तासांवरच्या समुद्रकाठच्या गावात. नवरा बंदरावर कामाला आहे. कुठला कंटेनर कुठल्या जहाजावर कुठे चढवायचा, ते ठरवायचं काम. मी घरूनच एका कंपनीसाठी मालाची कागदपत्रं तपासते. मुलगी दुबईत शिकते आणि अल बर्शाला दोन मैत्रिणींबरोबर राहते. दुबईतले मराठी लोक भेटले की पहिलं विचारतात, ‘अहो, तिथे करमतं कसं तुम्हाला?’ करमतं. बैठं घर आहे, मागे अंगण आहे, समोर डोंगर आणि पलीकडे समुद्र. दुबईच्या विसाव्या मजल्यावरून काय दिसतं मेलं? दुसऱ्याचा विसावा मजला!

माझे वडील नाशिकचे. सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं वेल्डर होते. आई गेल्यावर तिथेच एकटे राहायचे. गेल्या जूनमध्ये चक्कर येऊन स्वयंपाकघरात पडले आणि चार तास तसेच पडून राहिले. शेजाऱ्यांनी कुलूप तोडलं म्हणून कळलं तरी. मी म्हटलं, आता बस्स झालं. मला भाऊ नाही, बहीण नाही. ऑक्टोबरात त्यांना इकडे घेऊन आले. नवऱ्याने त्यांना कायमचं ठेवून घ्यायचे कागदही तयार केले होते. त्यावर फक्त बाबांची सही हवी होती, आणि बाबा सही करत नव्हते.

‘बघू,’ म्हणायचे. ‘जानेवारीचं परतीचं तिकीट आहे ना? तेव्हा बघू.’

कारण एकच, जावयाचं घर. जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत, आणि बाबा त्याच वळणाचे. पंखा लावायचा तर आधी विचारणार, ‘लावला तर चालेल का?’ नवरा खोलीत आला की उभे राहणार. तो बिचारा ओशाळून म्हणायचा, ‘बाबा, बसा हो.’ मग बसायचे, पण सोफ्याच्या कडेवर, आत्ता बस येईल आणि उठायचं आहे असे. आल्या दिवशी नवऱ्याने त्यांना घर दाखवलं. त्यांच्या खोलीशेजारचं बाथरूम दाखवताना म्हणाला, ‘इथला हीटर फार जुना आहे, तो लावूच नका. थंडी पडली की आंघोळीला खुशाल आमच्या बाथरूममध्ये या.’ ऑक्टोबरात इथे गच्चीवरची टाकी इतकी तापलेली असते, की गार पाण्याच्या नळालाही कढत पाणी येतं. त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

नोव्हेंबरात मी लेकीकडे फोनवर रडगाणं गायले, की आजोबा राहायला तयार होत नाहीत. तिने एका वाक्यात निकाल लावला. ‘मम्मा, व्हाय वुड ही स्टे? ही हॅज नथिंग टू डू देअर.’

कार्टी खरं बोलली. बाबा दिवसभर काय करत होते? पेपर मोबाइलवर वाचायचे, संध्याकाळी मागच्या अंगणात जाऊन उभे राहायचे. आमच्या अंगणाचं लोखंडी गेट खाऱ्या हवेनं पार खाल्लेलं. वरची बिजागरी तुटलेली, खालची तुटायला आलेली. ते गेट आम्ही दोन वर्षं तारेनं बांधून चालवत होतो. बाबा रोज त्या बिजागरीवर बोट फिरवायचे आणि काही न बोलता परत यायचे. एक दिवस मात्र पुटपुटले, ‘पंधरा मिनिटांचं काम आहे.’

नवऱ्याने ते ऐकलं आणि पुढच्या शनिवारी शारजाहून घरगुती वेल्डिंग मशीन घेऊन आला. हातात उचलून नेता येईल एवढंसं. साडेतीनशे दिरहम.

‘म्हणजे किती?’ बाबांनी विचारलं.

‘आठ हजार, बाबा.’

‘आठ हजार! गेटसाठी?’ असं म्हणाले खरे, पण रॉड धरायचा होल्डर हातातून खाली ठेवेनात.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबा जुने कपडे घालून अंगणात बसले आणि आधी एका भंगार पट्टीवर हात साफ करून घेतला. काच तोंडासमोर धरली, रॉड टेकवला, चर्रर्र आवाज झाला. मग वरची काळी खपली हातोडीनं उडवली, तर खाली करंजीला मुरड घालावी तसं एकसारखं काम! सत्त्याहत्तराव्या वर्षी! नवरा टाळ्या वाजवायला लागला. बाबा हसले. ते मनापासून हसलेले मी आई गेल्यानंतर पहिल्यांदा पाहिले, आणि मला वाटलं, जमलं आपलं. राहतात आता.

सोमवारी दुपारी मी लॅपटॉपवर होते. अंगणात पहिला चर्रर्र झाला आणि घरात टक्क. फ्रीज बंद, वायफाय बंद, सगळे प्लग बंद. स्वयंपाकघराच्या बोळात आमची डीबी आहे, म्हणजे सगळ्या ब्रेकरची पेटी. बघते तर त्यातला मोठा ब्रेकर खाली पडलेला. मी वर केला. बाबांनी पुन्हा रॉड टेकवला. टक्क.

‘लोड जास्त होत असेल,’ बाबा म्हणाले आणि मशीनवरचा आकडा कमी केला. दहा मिनिटं चाललं, मग टक्क. मंगळवारी गुंडाळलेली एक्स्टेन्शनची वायर पूर्ण उलगडून अंगणभर पसरली. टक्क. बुधवारी फ्रीज आणि मायक्रोवेव्ह काढून ठेवले. टक्क. मग बाबांना वाटलं, इथल्या दमट हवेनं रॉड सर्दावले असतील. म्हणून ते रॉड माझ्या ओव्हनमध्ये तासभर भाजले. माझ्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये! तरीही टक्क.

गुरुवारी घरमालकाचा मेंटेनन्सवाला आला. मोठ्या ब्रेकरवर बोट ठेवून म्हणाला, ‘मॅडम, ये लोड का नहीं है. ये ईएलसीबी है. करंट किधर भी लीक होके जमीन में गया, तो ये गिरता है. आपका मशीन लीक है. खलास.’ आणि यल्ला म्हणत निघून गेला.

मशीन बदलायचं ठरलं. पण रविवारी नवऱ्याने सहज लावून बघितलं, तर तासभर सुरळीत! त्याने स्वतः दोन वेड्यावाकड्या रेघा ओढल्या, बाबांनी बिजागरीची पट्टी कापून तयार केली, ब्रेकर ढिम्म हलला नाही. सोमवारी नवरा कामावर गेला, बाबांनी मशीन लावलं, टक्क. मंगळवारी नवऱ्याने मशीन दुकानात नेलं. दुकानदाराने समोर चालवून दाखवलं. ‘हबीबी, मशीन एकदम फर्स्ट क्लास.’

बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले.

‘मशीन चांगलं. वायरिंग चांगलं. जावईबापूंनी लावलं तर चालतं. मग राहिलं कोण? नाचता येईना, अंगण वाकडं, तशातली गत झाली माझी.’

‘काहीतरीच काय बाबा! ब्रेकरला काय कळतं कोणाचा हात आहे ते?’

‘हात थरथरला की रॉड चिकटतो, करंट वाढतो,’ ते म्हणाले. ‘वय झालं पोरी.’

आणि मग बुधवारी मी माती खाल्ली. हेड ऑफिसबरोबर मीटिंग चालू होती, मी बोलत होते, आणि टक्क. स्क्रीन गेली. मी ताडकन उठून अंगणात गेले आणि ओरडले, ‘बाबा, पुरे करा ना आता! माझी नोकरी घालवाल!’

पाच मिनिटांनी मी खिडकीतून पाहिलं, तर ते वायर नीट गुंडाळत होते. मशीन पुसलं, थर्माकोलसकट खोक्यात भरलं, खोक्याला टेप लावली. संध्याकाळी नवरा आल्यावर उभे राहून त्याला म्हणाले, ‘जानेवारीच्या आधीचं तिकीट मिळत असेल तर बघाल का? तुमच्या घरात माझ्यामुळे रोज लाइट जाते, बरं दिसत नाही ते.’ मला नाही विचारलं, त्याला विचारलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी भांडी घासायला पळाले. नळ मोठा सोडून रडले. ज्या फरशीवर ते चार तास पडून होते, त्याच फरशीवर मी त्यांना माझ्या जिभेनं परत पाठवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. माझं काम चुका शोधायचं. कागदपत्रात घोळ असला की मी रकाने पाडते. तसेच पाडले, ‘पडला’ आणि ‘नाही पडला’. पडला त्या रकान्यात सगळे कामाचे दिवस. नाही पडला तिथे दोन रविवार आणि दुकान. रविवारी काय वेगळं असतं? नवरा घरी असतो. म्हणजे काय, नवरा ब्रेकरला धरून बसतो? मला काही सुधरेना. पण मेंटेनन्सवाल्याचं एक वाक्य डोक्यात अडकलं होतं, करंट किधर भी लीक होके. किधर भी. मग मशीनच कशाला? त्या मोठ्या ब्रेकरखाली आठ छोटे ब्रेकर होते. आठांतला कोणीही असू शकतो.

मी बाबांच्या खोलीत गेले. ‘चला. शेवटचं एकदा.’

‘नको गं. तुझं काम…’

‘कामाला लागू दे आग. चला म्हणते ना.’

‘बरं. कपडे बदलून आलोच,’ म्हणाले, आणि पाच मिनिटांत आले.

खोक्याची टेप मीच फाडली. डीबीतले सातही छोटे ब्रेकर खाली केले, फक्त अंगणातल्या प्लगचा वर ठेवला. ‘मारा!’ मी आतून ओरडले. चर्रर्र, चर्रर्र, चर्रर्र. नाही पडला. मग एकेक वर करत गेले. फ्रीजचा वर केला, ‘मारा!’ चालू. वॉशिंग मशीनचा, चालू. हॉलचा, बेडरूमचे, सगळे चालू. शेवटच्या ब्रेकरवर आधीच्या भाडेकरूने पेननं काहीतरी लिहिलेलं, ते पुसून गेलेलं. तो वर केला. ‘मारा!’

टक्क.

पुन्हा खाली केला, चालू. वर केला, टक्क. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. मला इतका आनंद झाला की मी बोळातच उडी मारली. पण तो ब्रेकर कशाचा, ते सापडेना. घरभर फिरले. सगळे दिवे लागत होते, सगळे प्लग चालू होते. म्हटलं, मरू दे, राहू दे खालीच. मेंटेनन्सवाला येईल तेव्हा बघेल.

बाबांनी सलग तासभर काम केलं. वरची बिजागरी जोडली, गेट तारेतून सोडवलं. ब्रेकर एकदाही पडला नाही. मग ते आंघोळीला गेले आणि मी वरण-भाताचा कुकर लावला.

ते बाहेर आले तेव्हा त्यांचे ओठ निळसर दिसत होते. डिसेंबरची दुपार, वारा सुटलेला, आणि टॉवेल खांद्यावर घट्ट धरून उभे.

‘बाबा, गार पाण्यानं आंघोळ केलीत?’

‘बरं असतं गार पाणी. रक्त खेळतं.’ बोलताना दात वाजत होते.

मी त्यांच्या बाथरूमकडे गेले. नळाखाली हात धरला, बर्फ. दाराबाहेर हीटरचं बटण असतं, ते चालू केलेलं. पण त्याचा लाल दिवा लागलेला नव्हता. मी क्षणभर त्या बटणाकडे नुसती बघत राहिले. मग डोक्यात एकदम उजेड पडला, मी खाली ठेवलेला तो ब्रेकर ह्याचाच!

‘बाबा! तुम्ही हा हीटर लावत होतात?’

ते शाळेतल्या मुलासारखे खाली बघायला लागले. ‘रोज नाही गं. जावईबापू घरी असले की नाही लावत. वेल्डिंगला जाताना लावायचो. काम होईपर्यंत पाणी तापतं, आंघोळ झाली की लगेच बंद करायचो. आता नाही लावणार.’

आता नाही लावणार! अहो, काय करावं अशा माणसाचं? माझं डोकंच फिरलं. ‘बाबा, ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! मला एका शब्दानं सांगता आलं नाही, की पाणी गार येतंय म्हणून?’

‘त्यांनी सांगितलं होतं ना, तो लावू नका म्हणून.’

‘त्यांनी हेही सांगितलं होतं, की आमच्या बाथरूममध्ये या!’

‘म्हणजे टॉवेल घेऊन लेक-जावयाच्या बेडरूममधून जायचं?’ ते खरोखर दचकून म्हणाले. ‘शोभतं का?’

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही आलं. मी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला आणि खसाखसा त्यांचं डोकं पुसायला लागले. एवढं जवळ जाऊन मी त्यांना लग्नानंतर कधी धरलं नव्हतं. मग टॉवेलच्या आतून आवाज आला, ‘मग माझा हात नव्हता तो?’

‘हाताला काय झालंय तुमच्या? हीटर गळतोय! गेट बघा जाऊन, कसं केलंय ते!’

ते पलंगावर बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मोठा श्वास सोडला. ‘मला वाटलं होतं, गेलं सगळं,’ म्हणाले. ‘तेवढंच तर येतं मला.’

मी त्यांना गरम वरण-भात वाढला, वर दोन चमचे तूप घातलं, आणि नवऱ्याला फोन केला. संध्याकाळी मेंटेनन्सवाला मीटर घेऊन आला. त्याने समजावलं ते असं, की हीटर थोडा गळत होता, जसा तापेल तसा जास्त. वेल्डिंग मशीनमधूनही थोडासा करंट जमिनीत जातोच, तो त्याचा दोष नाही. एकेकटे चालले की दोघंही मर्यादेत. दोघं मिळून लागले की ब्रेकर पडायचा. मग त्याने माझ्याकडे वळून विचारलं, ‘अंकल रोज इसी पानी से नहाता था? वो ब्रेकर नहीं होता ना मॅडम, किसी दिन कुछ भी हो जाता.’ दहा-अकरा दिवस जो आमचा जीव खात होता, तो बाबांचा जीव सांभाळत होता. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, ‘बघ, मशीन चांगलंच होतं.’

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. ‘चूक माझी,’ तो बाबांना म्हणाला. ‘लावू नका म्हणून सांगितलं आणि बदलला नाही. खरं तर तेव्हाच बदलायला हवा होता.’ नवीन हीटर इन्शाल्ला उद्या येईल, असं मेंटेनन्सवाला म्हणाला होता. आम्ही आठवडा धरून चाललो होतो, पण खरोखर दुसऱ्या दिवशी आला. मला केवढं हुश्श वाटलं! तरी एक भीती राहिलीच होती. हात निर्दोष सुटला होता, पण तिकिटाचं बाबा काहीच बोलत नव्हते. नवऱ्याने मुद्दाम ते शोधलं नाही, आणि मी मुद्दाम विचारलं नाही.

रविवारी खालची बिजागरी करायची होती. गेट जड, कोणीतरी उचलून धरायला हवं होतं. सकाळी सातला आमच्या बेडरूमच्या दारावर धाडधाड थापा पडल्या. आम्ही दोघं दचकून उठलो. अडीच महिन्यांत बाबा त्या दाराच्या जवळपाससुद्धा फिरकले नव्हते.

‘उठा! ऊन चढलं की लोखंड तापतं. गेट धरायला माणूस पाहिजे.’

नवरा झोपेतच, पायजम्यावर, गेट धरून उभा राहिला. पहिली ठिणगी उडाली आणि तो हलला.

‘हलू नका!’

‘बाबा, चटका…’

‘हलू नका म्हटलं ना! मान तिकडे करा, डोळे मिटा, आणि खांब धरल्यासारखं धरा! ह्यॅ, गेलं बघा, गेलं वाकडं! असं धरतात होय? एवढी जहाजं भरता म्हणे तुम्ही!’

कारखान्यातला आवाज होता तो. लहानपणी डबा घेऊन गेटवर गेले की आतून ऐकू यायचा, दहा मशीनच्या वर चढणारा. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

काम झालं. बाबा आत आले, हॉलमधल्या सोफ्यावर मधोमध बसले, पाय लांब केले. नवरा मागून आला, तर त्याला म्हणाले, ‘ते सहीचे कागद कुठे ठेवलेत? आणा. आणि धड पेन आणा, अडकत चालणारं नको.’

नवऱ्याने कागद आणले. बाबांनी चष्मा लावून तीन ठिकाणी सह्या केल्या, आणि ‘शेजारच्यांचं गेटही वाकलंय, त्यांना विचारून ठेवा,’ म्हणून मोबाइलवर पेपर वाचायला घेतला.

मी स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते. नवरा आत आला. शर्टाला ठिणग्यांची बारीक भोकं, केस उभे, हाताला काळं.

‘केवढे ओरडले गं माझ्यावर,’ तो हळू आवाजात म्हणाला.

‘हो ना,’ मी म्हटलं. ‘आता रोज ओरडतील.’